मागचा डावा पाय

विजेत्या घोड्याच्या कपाळाला लावायचा गुलाल घोडेस्वारीच्या क्लबने यंदा बादलच्या फोटोला लावला. वर्षातल्या शेवटच्या स्पर्धेत उडी घेताना त्याचा पाय मोडला आणि डॉक्टरांनी त्याला तिथेच सुई देऊन कायमचं सोडवलं.

हौशी स्वारांचं वर्षाचं बक्षीस त्याच्यावर बसणाऱ्या शर्वरीला जाहीर झालं होतं. समारंभाच्या मांडवामागे बादलची निगा राखणाऱ्या मोतद्दार इलाहीचाचांनी तिला गाठलं.

“ताई, त्या सकाळी मी बोललो होतो ना, मागचा डावा पाय धरतोय म्हणून?”

“बोलला होतात, चाचा.”

“मग कमिटीला तेवढं सांगा. मीच दुखणं लपवलं म्हणतात. आज काढून टाकतील मला.”

तिने मान हलवली खरी, पण दुखऱ्या घोड्यावर बसल्याचं कबूल केलं की बक्षीस हातचं जाणार होतं. तेवढ्यात तिचं नाव पुकारलं गेलं.

करंडक देताना सेक्रेटरींनी हळूच विचारलं, “मोतद्दार तुम्हाला काही बोलला होता का?”

शर्वरीने चाचांकडे बघायचं टाळलं.

“नाही. पण म्हातारा माणूस आहे, माफ करा त्याला.”

“मोठं मन आहे तुमचं,” सेक्रेटरी म्हणाले आणि माइक हातात घेऊन त्यांनी ते सगळ्या मांडवाला सांगितलं.