तुळईखालची बाई

"शिडी कुजलीय," क्लिफर्ड गार्बट तिसऱ्यांदा म्हणाला. "वर जायचं नावसुद्धा काढू नका."

रोवेना स्लेडने मान डोलावली आणि गाडीतून स्वतःची शिडी आणायला गेली. तिला बिशपच्या कचेरीने पाठवलं होतं. ओवर्सथॉर्पचं चर्च चालू ठेवायचं की कायमचं बंद करायचं, याचा अहवाल तिने लिहायचा होता. रविवारी प्रार्थनेला सात माणसं यायची. छप्पर गळत होतं. अशी जुनी चर्चं लिंकनशरमध्ये पैशाला पासरी. या चर्चमध्ये इतर कुठे नाही असं काही आहे का, एवढाच तिचा प्रश्न होता. सकाळपासून हिंडून तिला तसं काहीच सापडलं नव्हतं.

हेझल मॉल्टबी शेवटच्या बाकावर थर्मास उघडून बसली होती. चर्चची किल्ली तिच्याकडे असे. नऊला दार उघडायचं, चारला लावायचं, मधल्या वेळात फुलं बदलायची आणि बाकं पुसायची. नवरा डेस्मंड जाऊन नऊ वर्षं झाली होती, मुलगी कॅनडात होती. घरी सोबतीला रेडिओ होता, पण तो एकटाच बोलायचा, तिचं काही ऐकून घ्यायचा नाही.

इथे निदान क्लिफर्ड यायचा. तो पाथरवट. काम सोडून दहा वर्षं झाली तरी रोज येऊन कुठे चुना भर, कुठे निखळलेला दगड बसव, असं चाललेलं असे. पोरवयापासून रविवारी तिच्या मागच्याच बाकावर बसणारा, लग्न न केलेला, घुम्या माणूस. दिवसाकाठी चार वाक्यं बोलला तर खूप. पण चर्च बंद झालं की ती चार वाक्यंही गेली. मग कुणाशी बोलायचं?

"चढू दे की त्यांना," ती हळूच म्हणाली. "वर काही सापडलं तर आपलंच भलं."

"वर कोळिष्टकं आहेत."

"तू कधी बघितलीस?"

"अठ्ठ्याहत्तरमध्ये. छप्पर मीच दुरुस्त केलं. विसरलीस?"

विसरते कशी? त्याच जूनमध्ये तिचं लग्न लागलं होतं, याच चर्चमध्ये, क्लिफर्डच्या परांचीखालून चालत. पांढऱ्या झग्यावर दगडाची भुकटी पडली म्हणून सासूने दिवसभर तोंड फुगवलं होतं. क्लिफर्डला जेवणाचं आमंत्रण होतं, पण हा महाशय आलाच नाही. वरचं काम संपवायचंय, असा निरोप पाठवला होता.

रोवेना शिडी लावून चढली. क्लिफर्डने खालून शिडी धरली, पण वर एकदाही पाहिलं नाही. बराच वेळ वरून नुसता कॅमेऱ्याचा आवाज येत राहिला. मग ती जवळजवळ ओरडलीच, "अरे देवा!"

खाली उतरली तेव्हा तिच्या केसांत जाळी होती आणि चेहरा लाल झाला होता.

"मिस्टर गार्बट, वेदीकडची शेवटची तुळई. तिला खालून आधार दिलेल्या दगडावर एका बाईचा चेहरा आहे. तुम्ही छप्पर केलंत तेव्हा तो होता?"

क्लिफर्ड हातातली थापी फडक्याने पुसत होता. ती आधीच स्वच्छ होती.

"मी काम संपवून उतरलो, तेव्हा होता."

"वाटलंच मला! निदान सहाशे वर्षांचा असणार. तुळईच्या आड आहे, खालून दिसतच नाही. ते जुने पाथरवट असंच करायचे, मिसेस मॉल्टबी. कुणाची नजर पोचणार नाही अशा जागी आपल्या जिवाच्या माणसाचा चेहरा कोरून ठेवायचे आणि जन्मात कुणाला सांगायचे नाहीत."

"असतील करत," क्लिफर्ड म्हणाला.

"मग एवढ्यावर चर्च वाचेल?" हेझलने विचारलं.

"वाचेल म्हणजे? आता याला हात लावायची कुणाची छाती होणार नाही."

हेझलला रडू आलं. तिने ते लपवलंही नाही. "क्लिफ, ऐकलंस का रे? ये, चहा घे. आज तरी नाही म्हणू नकोस."

"काम आहे मला," क्लिफर्ड म्हणाला. त्याने टोपी उचलली. मागे न बघता तो दारातून निघून गेला.

"चाळीस वर्षं काम आहे याला," हेझल डोळे पुसत म्हणाली. "मेल्याला आनंदाचंही वावडं."

रोवेना हसली आणि तिच्या शेजारी येऊन बसली. कॅमेऱ्यातला फोटो तिने मोठा करून समोर धरला.

"बघा, छिन्नी किती हलक्या हाताने चालवलीय. वीस-बावीस वर्षांची असेल पोरगी. हसूसुद्धा जरा तिरकं, खट्याळ. कोण होती बिचारी, आता कधीच कळायचं नाही. सगळं कसं शाबूत आहे, उजव्या कानाची पाळी तेवढी अर्धी झडलीय."

हेझलने चष्मा लावून फोटो पाहिला, आणि तिचा हात आपोआप केसांखाली गेला, सातव्या वर्षी बापाच्या कुत्र्याने अर्धी तोडलेल्या उजव्या कानाच्या पाळीकडे.