गाडीचं कपाळ

मोटारसायकल पाचव्या लाथेला सुरू झाली, दोन-तीन मिनिटं गोड गुरगुरली आणि पुन्हा गप्प झाली.

प्राणेशला कपाळावर हात मारायचा होता, पण हात तेलकट होते. अकरा वाजता मायावरमला साहेबापुढे गाडीसकट उभं राहायचं होतं. कालव्यांवर देखरेखीची नोकरी, आणि ती स्वतःची चालती गाडी असेल त्यालाच. ही लढाईतून उरलेली विलायती गाडी तर तीन आठवडे वडवार नदीच्या पुलापलीकडे गेली नव्हती. दर वेळी पुलावर बंद पडायची आणि प्राणेश तिला ढकलत घरी आणायचा.

भामा ओट्यावर बसून बघत होती. लग्नाला सहा महिने झाले होते. नोकरी लागली की तो मायावरमला राहणार आणि ती इथं सासूपाशी. त्यामुळे तो गाडी ढकलत आला की तिला आधी वाईट वाटे, आणि मग, देवाची क्षमा मागून, फार बरं वाटे.

दर शुक्रवारी ती गाडीला चंदन-कुंकू लावी. बाकीचे लोक दिव्याला लावतात. भामाला ते काही पटत नसे. दिवा म्हणजे डोळा. डोळ्यात कुणी कुंकू घालतं का? तिनं टाकीवरचं गोल झाकण पसंत केलं होतं. तेच गाडीचं कपाळ. थरावर थर चढून तिथं चांगला जाड टिळा झाला होता, आणि तो मोडू नये म्हणून प्राणेशही झाकण कडेनं धरूनच फिरवी.

प्लग घासून झाला होता. कार्बोरेटरचा जेट फुंकून झाला होता. आता त्यानं पेट्रोल पाहायला झाकण उघडलं. टाकीनं हुस्स करून सुस्कारा टाकला.

"पेट्रोल तर काठोकाठ अहे. हे धर जरा."

भामानं झाकण उलटं केलं. आतून मधोमध सुईएवढं भोक होतं. सहज म्हणून तिनं ते डोळ्याला लावून वर पाहिलं. आभाळ दिसेना.

तेलाच्या डब्याला दोन भोकं पाडायची, एक तेलाला, एक वाऱ्याला. एकच पाडलं तर तेल अडून बसतं. हे आईनं तिला परकर नेसायच्या वयात शिकवलं होतं.

ती तशीच बसून राहिली. ऊन हळूहळू गल्लीत उतरत होतं. पेट्रोलच्या वासानं तिला नेहमी गुंगी यायची, तशी आली. गुंगीत तिला प्राणेश दिसला. असाच ओट्याखाली बसलेला, केस पांढरे झालेले. गाडी सुरू होत होती, बंद पडत होती, आणि तो कुठंच गेला नव्हता. फार सुरेख दिसत होतं सगळं. फक्त तो तिच्याकडे बघत नव्हता.

"नोकरी नाही झाली तर हो?" तिनं विचारलं.

"तर काय? इथंच अहे की मी," तो म्हणाला. हसलाही, पण हातातल्या पान्याकडे बघत.

भामानं बांगडीला अडकवलेली पिन काढली. चंदन घट्ट बसलं होतं, दोनदा दाबावं लागलं. मग टिळ्याच्या मधोमध आभाळाचा एक ठिपका उघडला.

"सरी, झालं, लावा," म्हणून तिनं झाकण परत दिलं.

गाडी सुरू झाली. तीन मिनिटं झाली, पाच झाली, दहा झाली. दुपारी जेवून झोपलेल्या माणसासारखी ती एका लयीत घोरत राहिली.

"बघितलंस? जेटच होता! मी सांगत होतो की नाही?"

"तुम्ही सांगता म्हणजे असणारच," भामा म्हणाली.

त्यानं घाईघाईनं हात पुसले, ट्रंक मागे बांधली. "जाऊन येतों," म्हणाला, आणि या वेळी नीट तिच्याकडे बघून म्हणाला.

आवाज गल्लीबाहेर पडला, राजवाड्याच्या भिंतीला लागून पुलाकडे गेला. भामानं श्वास धरला. आवाज बारीक झाला, आणखी बारीक झाला, मग ऐकू येईना.

"थांबला की गं आवाज," आतून गंगाबाई, तिची सासू, म्हणाली. "पडली वाटतं बंद. येईल आता ढकलत."

"नाही, आत्याबाई. पुलापलीकडे गेली."

पिनेच्या टोकाला चंदनाचा कण चिकटला होता. तो तिनं बोटावर घेतला आणि आपल्या कपाळी लावला.