खिडकीत विसरलेली ताटली

वडील गेल्यानंतरची चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली, तरी इमासची आई अंधाऱ्या खोलीतून बाहेर येईना. शेवटी इमासनं प्रयोगशाळेतून जिवाणूंच्या दोन झाकणबंद ताटल्या आणल्या. “जंतू घरात आणलेस?” आई खेकसली. “काही करत नाहीत, इबू,” इमास आईला म्हणाली. “दोन्हींवर सारखेच घातक किरण सोडले, त्यांच्या डीएनएत गाठी पडल्या. ही ताटली नियमाप्रमाणे काळ्या कागदात गुंडाळली, ही मात्र वेंधळ्यासारखी खिडकीत विसरले.” पहिली जवळजवळ कोरी होती, दुसरीवर साबुदाण्यासारखे ठिपकेच ठिपके. “मेलेले उठले?” “मेले नव्हतेच. उजेड मिळाला, तसं त्यांनी आपल्या गाठी आपणच सोडवल्या.” आईनं तिच्याकडे रोखून पाहिलं. “म्हणजे मी जंतू का गं, नेंग?” तिनं लेकीला विचारलं. इमासला हसावं की रडावं कळेना. आईनं ताटली डोळ्यांजवळ धरली, लांब धरली. “इथे मेलं काही धड दिसत नाही,” ती पुटपुटली आणि ओसरीकडे निघाली.