अजून आहे का?

"पुलावर निसरडा बर्फ. अजून आहे का?" फोनने विचारलं. आयनारने समोर पाहिलं. पुलावरचा रस्ता काळाभोर, कोरडा दिसत होता आणि गाडी जराही घसरली नव्हती. त्याने 'नाही' दाबलं. आधी आणखी कुणीतरी तेच दाबलं असावं, कारण नकाशावरचं ते चिन्ह लगेच नाहीसं झालं.

चर्चपाशी पोचताच बायकोचा, मारिटचा फोन आला. चर्चमधल्या जेवणासाठी भाजलेल्या बटाट्यांचं भांडं घेऊन ती घरून निघत होती.

"अरे, मघाशी नकाशा पुलावर बर्फ दाखवत होता, आता काहीच नाही. जुन्या रस्त्याने वळसा घालून येऊ का?"

"कशाला? मीच काढायला लावला तो इशारा. बर्फबिर्फ काही नाही तिथे."

"तो पातळ बर्फ दिसत नाही रे. त्यातून खालचा रस्ताच दिसतो."

"तुझ्या माहेरच्यांना जुलैतसुद्धा बर्फ दिसतो! सरळ ये. बटाटे गार झाले तर पाद्रीबाबा मला बोलतील."

ती हसली आणि निघाली.

अर्धा तास झाला तरी ती आली नाही. फोनही उचलेना. आयनार उलट फिरला. पुलाचा कठडा एका जागी तुटला होता आणि खाली गोठलेल्या काठावर मारिटची लाल गाडी उलटी पडली होती.

"पुलावर अपघात," फोन म्हणाला. "अजून आहे का?"

आयनारने 'नाही' दाबलं. पुन्हा दाबलं. या वेळी ते चिन्ह गेलं नाही.