मॅटाडोरमधलं नवं इंजिन

"नंबर कामून लिहून घ्यायलास, मिस्त्री?" उमाजीनं स्टुलावर बसल्याबसल्याच विचारलं.

अमरदीप इंजिनावरची काजळी रॉकेलनं पुसत होता. त्यानं पेन्सिल कानावर खोचली. "आरटीओत चढवावं लागतंय की, अण्णा. इंजिन बदललं की कागदंबी बदलतात."

"काय चढवायचं न्हाई. तू निस्तं बसव."

अमरदीपनं मान डोलावली आणि पुन्हा बोळा उचलला. पण उमाजीच्या मनात पाल चुकचुकली.

उमाजीची मॅटाडोर पंचवीस वर्षांची. ठाणाकुशनूरचा भाजीपाला तिनंच उदगीरच्या बाजाराला नेला, गावातली वऱ्हाडंही तिनंच पोचवली. पत्रा अजून खणखणीत होता. पण चढ आला की माणसं खाली उतरून ढकलायची. तिच्यात बसवायला त्यानं नव्या जीपचं टर्बो इंजिन आणलं होतं, गिअरबॉक्ससकट. हैदराबादच्या भंगारातून घेतलं, असं तो सांगायचा. तीन वर्षं ते कडब्याच्या गंजीमागं ताडपत्रीखाली पडून होतं.

औरादला मिस्त्री नव्हते असं नाही. पण तिथं सगळे ओळखीचे, आणि ओळखीचा माणूस काम रेंगाळत ठेवतो. म्हणून ते इंजिन गाडीत मागं घालून त्यानं थेट खटकचिंचोळी गाठली होती. तिथला अमरदीप पुण्याच्या मोठ्या गॅरेजात आठ वर्षं काढून परतलेला. असली इंजिनं त्याच्या हाताखालून गेलेली.

काम किचकट होतं. इंजिन जागेत मावेना. अमरदीपनं दोन सीटांमधला पत्रा कापला, नवे पाय वेल्डिंग करून बसवले, रेडिएटर मोठा घेतला. उमाजी रोज सकाळच्या बसनं यायचा, स्टुलावर बसायचा आणि मिस्त्रीच्या हातांवरची नजर हलवायचा नाही.

पाचव्या दिवशी तो हात धुवायला मागं गेला. परत येताना त्याला अमरदीपचा दबका आवाज ऐकू आला.

"व्हय, तेच हाय. दोनदा बघितलो. न्हाई, मालक हितंच बसून हाय. जरा दम धरा."

उमाजीला बघताच मोबाइल खिशात गेला.

गिऱ्हाईक शोधायलाय, उमाजीनं ताडलं. चांगलं इंजिन परस्पर विकणार आणि झिजकं आपल्या गळ्यात मारणार. संध्याकाळी अमरदीप शटर ओढायला वळला, तेवढ्यात त्यानं छिन्नीनं इंजिनाच्या तळाला खुणेचे दोन चरे मारून ठेवले.

दुसऱ्या दिवशी अमरदीप म्हणाला, "ह्यो बेल्ट हितं मिळंना, अण्णा. हुमनाबादला जाऊन घेऊन येता का?"

उमाजी बसस्टँडपर्यंत गेला आणि अर्ध्या तासात माघारी फिरला. अमरदीप गाडीखाली पाठीवर झोपून नट आवळत होता. उमाजी गुडघ्यावर बसून वाकला. दोन्ही चरे जागेवर होते.

"आलात बी?" गाडीखालून आवाज आला.

"बस चुकली."

अमरदीप सरपटत बाहेर आला. "तुमचा माझ्यावर इस्वास न्हाई, अण्णा."

"इस्वासाचं काय न्हाई. माल माझा हाय."

"व्हय की," हात पुसत अमरदीप म्हणाला. "ज्याचं त्याला मिळंल."

बाराव्या दिवशी चावी फिरवली आणि म्हातारी मॅटाडोर अशी गुरगुरली की समोरच्या हॉटेलातली माणसं चहाचे कप हातात घेऊन बाहेर आली. गाडी चालवून बघायला अमरदीपच स्टिअरिंगवर बसला, उमाजी शेजारी. त्यांनी बसवकल्याणचा रस्ता धरला. चढावर ऊस भरलेला एक ट्रक कण्हत चालला होता. अमरदीपनं तिसऱ्याच गिअरमध्ये त्याला मागं टाकलं. उमाजी बारा दिवसांत पहिल्यांदा हसला. उगाच वहीम घेतला ह्याचा, असं त्याला वाटून गेलं.

मंठाळला आल्यावर अमरदीपनं गाडी एका गल्लीत घातली.

"हिकडं कुठं जायलास?"

"पाच मिनिटं, अण्णा. एकीला इंजिनाचा आवाज ऐकायचाय."

उमाजीचं हसू मावळलं.

शेवटच्या घराच्या पायरीवर तिशीतली एक बाई उभी होती. तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. गाडी थांबली तशी ती जवळ आली. थरथरणाऱ्या पत्र्यावर तिनं तळहात टेकला आणि तसाच ठेवला.

अमरदीपनं इंजिन बंद केलं नाही. त्यानं पाकिटातून घडी घालून चुरगळलेली एक चिठ्ठी काढली आणि उमाजीच्या मांडीवर ठेवली.

"ह्या निलम्माक्का. ह्येंच्या नवऱ्याची जीप होती. भाडं घेऊन गेले ते परत आले न्हाईत. तीन वर्सं झाली. बिदरपास्नं गुलबर्ग्यापातुर अक्कानं एक गॅरेज सोडलं न्हाई. दर मिस्त्रीला इंजिनाचा नंबर लिहून दिल्यात. मलाबी."

उमाजीनं चिठ्ठीकडं पाहिलं नाही. "मी भंगारातून घेतलो. हैदराबादला. मला काय ठाव?"

"कोणाकडून?"

"नाव कोण इचारतंय भंगारात? पावती बी देत न्हाईत."

निलम्मा मॅटाडोरला वळसा घालून त्याच्या खिडकीशी आली. ती ओरडली नाही. तिनं शिव्याशाप दिले नाहीत. शेजाऱ्याशी बोलावं तशा आवाजात ती म्हणाली,

"अण्णा, खरं-खोटं पोलीस बघतील. त्यास्नी सांगून झालंय, यायलेत ते. मला फकस्त एक सांगा. तीन वर्सं झोप न्हाई मला. शेवटी त्ये काय म्हणले?"

इंजिन चालूच होतं. भंगाराचं तेच पुन्हा सांगायला उमाजीनं तोंड उघडलं.

"पाणी मागितलं," तो म्हणाला.