बाबांचं ॲव्हरेज

बाबा साहेबांचे ड्रायव्हर होते. उभ्या गाडीत एसी लावायचा नाही, उगाच पेट्रोल जळतं, हा साहेबांचा नियम त्यांनी त्या रणरणत्या दुपारीही पाळला आणि साहेबांची वाट पाहता पाहता गाडीतच उष्माघाताने गेले.

महिन्याभराने साहेब घरी आले.

“आता गाडी मीच चालवतो गं पोरी. पण तुझ्या बाबांसारखं ॲव्हरेज काही मिळत नाही बघ. काय युक्ती होती त्यांची?”

मी पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला.

“तुमच्या बंगल्याखालचा घाट आहे ना, साहेब? त्या उतारावर ते इंजिनच बंद करायचे.”

“वा! एवढं साधं मला सुचू नये?”




उतारावर इंजिन कधीच बंद करायचं नाही, ब्रेक लागत नाहीत, हे बाबांनी मला गाडी शिकवताना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.