शिशाची चौकट

"अहो, हितं एकाच चौकटीत दोन आकडे का?" चंद्रव्वानं विचारलं.

सोमलिंग गिरणीच्या मांजरपाटावर मूलद्रव्यांचा तक्ता रंगवत होता. तो हायस्कुलात विज्ञान शिकवी आणि सोमवारी इन्स्पेक्टर येणार होते. ती कापडाचं टोक ताणून धरून बसली होती. मधूनच खोकत होती.

"ते शिसं. एका खाणीतलं हलकं भरतं, दुसऱ्या खाणीतलं जड."

"मग दोन चौकटी करा की."

"तिथंच घोडं अडलं. वजनानं ओळ लावली की दुसऱ्याला जागाच उरत नाही. गुण मात्र अगदी एक. आम्लात टाक, भट्टीत घाल, वेगळं ओळखू येत नाही."

"मग दुसरं आलं की पयलं पुसायचं?"

"छे! चूक शिशाची नाही, मांडणीची. दोघं एकाच चौकटीत राहतात."

"भांडत न्हाईत?"

"तुझ्या माहेरच्यांसारखी नाहीत ती."

ती हसली, आणि हसण्याचा खोकला झाला. त्यानं ब्रश खाली ठेवला.

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?"

"दूध प्या म्हणाल्या."

"एवढंच?"

"रंग वाळतोय. लिवा तुमी."

दुसऱ्या दिवशी ती माहेरचा चांदीचा छल्ला घेऊन मंगळवार पेठेत गेली.

"सवतीसाठी टाक करायचाय, अण्णा. गळ्यात घालायचा."

गुरप्पा सोनारानं मान वर केली. दुसरेपणावर दिलेली बाई मेलेल्या सवतीचा टाक, तिचा मुखडा कोरलेला चांदीचा पत्रा, गळ्यात बांधते. नाही बांधला तर ती त्रास देते, असं पेठेत सगळेच मानत. चंद्रव्वा तोंडावर पदर धरून खोकत होती. गुरप्पाला वेगळं विचारावं लागलं नाही.

"लग्नातच करायचा की, अक्का. बसली न्हवं आता छातीवर?"

"व्हय."

"भिऊ नका. तिला काय, मान पायजे असतो."

"मान देतात ना पर? सगळ्याजणी?"

"न देऊन सांगतात कुणाला? नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, मग आपण नेसायचं. गोडाधोडाचा पयला घास तिचा. घर तिचंबी असतंयच की."

चंद्रव्वानं छल्ला त्याच्यापुढं ठेवला. गुरप्पानं छल्ला तोलून बाजूला ठेवला आणि कोरणी उचलली.

"मुखडा कसा होता तिचा?"

चंद्रव्वानं तोंडावरचा पदर खाली घेतला.

"असा," ती म्हणाली. "नीट बघून घ्या, अण्णा. घालणारी अजून यायचीय."